पिवळ्या डब्यातील तूप आणि आपले हृदय

(कुटुंबात, महिला मंडळात व शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गांत चर्चा करण्यासाठी)

पाठाचा उद्देश : वनस्पती तुपात व त्यापासून केलेल्या पदार्थांत आढळणारे 'ट्रान्स फॅट' म्हणजे काय, त्याने हृदयाला अपाय कसा होतो, आणि कायदा झाल्यावरही आपल्याकडे कोणती जबाबदारी उरते, हे समजून घेणे.

लागणारे साहित्य : पातळ तारेचे बोटभर लांबीचे वीस-पंचवीस तुकडे, थोडा दोरा, आणि बिस्किटे, खारी, फरसाण यांची घरातील रिकामी पाकिटे.

१. हे तूप आपल्या घरात कसे आले?

आपल्यापैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना तो पिवळा डबा नक्कीच आठवत असेल. त्यावर हिरवे झाड असे. तूप संपले तरी डबा टाकून दिला जात नसे. कोणी त्यात डाळ भरून ठेवी, कोणी अंगणात गुलाबाचे रोप लावी. डालडा हे खरे म्हणजे एका मालाचे नाव. परंतु ते इतके रुळले की कोणत्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. आमच्या घरी नाताळच्या करंज्या, शंकरपाळ्या, नानकटाई ही सारी त्याच तुपात होत असत आणि ती आम्ही आवडीने खाल्ली आहेत. म्हणून या पाठात आम्ही दुसऱ्या कोणाच्या नव्हे, तर आपल्याच स्वयंपाकघराविषयी बोलत आहोत.

पातळ तेल घट्ट करण्याची युक्ती यूरोपात निघाली. सूक्ष्म निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू दुसऱ्या पदार्थाशी जोडता येतो हे फ्रान्सचे पॉल सबातिए यांनी दाखविले होते. या कार्याबद्दल त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हीच रीत द्रवरूप तेलाला लावण्याचे काम जर्मनीचे विल्हेल्म नॉर्मान यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी केले. १९११ साली अमेरिकेत असे घट्ट तेल स्वयंपाकासाठी बाजारात आले, आणि आपल्याकडे १९३७ साली डालडा आले.

ते इतके का पसरले याची कारणे साधी आहेत. साजूक तूप महाग होते. शिक्षक, रेल्वेतील कामगार, गिरणीतील मजूर यांच्या पगारात ते रोज परवडत नव्हते. वनस्पती तूप स्वस्त होते, लवकर खवट होत नसे, आणि दिसायला रवाळ तुपासारखे होते. त्यात केलेली खारी कुरकुरीत राही, बिस्किट तोंडात विरघळे. पुढे सरकारने त्यात 'अ' जीवनसत्त्व घालण्याचे बंधन केले. तसेच थोडे तिळाचे तेल मिसळण्याचेही बंधन होते. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. तिळाच्या तेलात असा एक गुण आहे की विशिष्ट रसायने घातली असता ते गुलाबी रंग दाखविते. कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळले तर या परीक्षेत ते उघडे पडे.

यावरून त्या काळची काळजी कोणती होती ते कळते. गांधीजींनीही वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले होते. पण तेव्हाचा वाद भेसळीचा आणि सत्त्वाचा होता. हृदयाचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नव्हता.

२. तेल घट्ट होते तेव्हा काय घडते?

(शिक्षकांनी हा भाग तारेच्या तुकड्यांनी दाखवावा.)

सर्व तेले व तुपे ही मुख्यतः लांब साखळीसारख्या कणांची बनलेली असतात. त्यांना मेदाम्ले म्हणतात. तुपात व चरबीत पुष्कळशा साखळ्या सरळ असतात. तारेचे सरळ तुकडे हातात घेऊन दोऱ्याने बांधा. ते एकमेकांना चिकटून बसतात व घट्ट जुडी होते. असा मेद गार हवेत गोठतो.

आता तेच तुकडे मधोमध वाकवा आणि पुन्हा जुडी बांधून पाहा. ती नीट बांधली जात नाही, मध्ये पोकळ्या राहतात. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांच्या तेलातील बहुतेक साखळ्या अशा वाकलेल्या असतात. साखळीत जेथे कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी जोड असते तेथे हा वाक पडतो, आणि म्हणूनच तेल पातळ राहते.

तेलात हायड्रोजन सोडला की दुहेरी जोड सुटते व साखळी सरळ होते. सर्वच जोडी सुटल्या तर तेल मेणासारखे टणक होईल आणि ते खाता येणार नाही. म्हणून कारखान्यात ही क्रिया अर्ध्यावर थांबवितात. दोष नेमका येथे शिरतो. या अर्धवट क्रियेत काही साखळ्यांची दुहेरी जोड कायम राहते, पण तिची बाजू उलटते व वाक निघून जातो. वाकवलेली तार पुन्हा हाताने सरळ करा. ती सरळ दिसते, जुडीतही बसते, पण ती मूळची सरळ तार नव्हे. अशा साखळीला ट्रान्स मेदाम्ल म्हणतात. आपण ज्याला ट्रान्स फॅट म्हणतो ते हेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाईम्हशींच्या दुधात, लोण्यात व मटणाच्या चरबीतही निसर्गतः थोडे ट्रान्स फॅट असते. परंतु त्याचे प्रमाण कमी असते. जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात ते कितीतरी अधिक असे.

३. शरीरात काय होते?

आपल्या रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे दोन प्रमुख वाहक आहेत. एलडीएल नावाचा वाहक ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत नेतो. त्याचे प्रमाण वाढले की भिंतींवर थर साचू लागतो. एचडीएल नावाचा वाहक साचलेला भाग परत यकृताकडे नेतो. पहिल्याला लोक वाईट व दुसऱ्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात. समजण्यापुरते असे म्हणू या की पहिला कचरा टाकणारा आहे आणि दुसरा झाडूवाला.

१९९० साली हॉलंडमधील मेन्सिंक व काटान या दोन संशोधकांनी एक काळजीपूर्वक प्रयोग प्रसिद्ध केला. ३४ स्त्रिया व २५ पुरुष अशा ५९ निरोगी माणसांना त्यांनी तीन प्रकारचा आहार प्रत्येकी तीन आठवडे दिला. तिन्ही आहार जवळजवळ सारखे होते; फक्त मेदाचा एक भाग बदललेला होता. साध्या तेलातील मेदाच्या तुलनेने, तुपाचरबीतील सरळ मेदाने एलडीएल वाढले. ट्रान्स फॅटनेही ते वाढले. परंतु ट्रान्स फॅटने आणखी एक गोष्ट केली, जी सरळ मेदाने केली नाही. त्याने एचडीएल कमी केले. म्हणजे घरात कचराही वाढला आणि झाडूवालाही कमी झाला.

१९९३ साली अमेरिकेतील सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या आठ वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या आहारात ट्रान्स फॅट सर्वांत अधिक होते, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे दीडपट आढळला. पुढे २००६ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. आहारातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी २ टक्के उष्मांक ट्रान्स फॅटचे असतील, तर हृदयविकाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढते असे त्यात दिसून आले.

दोन टक्के म्हणजे किती? दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते सुमारे साडेचार ग्रॅम होतात. चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही! २००९ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील वनस्पती तुपे तपासली. डेन्मार्कमध्ये जी २ टक्क्यांची मर्यादा होती तिच्या पाचपासून बारापट ट्रान्स फॅट त्यांत निघाले. असे २० टक्के ट्रान्स फॅट असलेले वनस्पती तूप चार चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, पोटात गेले की चार ग्रॅम ट्रान्स फॅट गेले. दोन पराठे आणि सणाच्या चार करंज्या खाणाऱ्याला हे चार चमचे सहज होत.

आपल्या देशात हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. घरचा मिळवता माणूस चाळिशी-पन्नाशीत अचानक जातो, मागे मुले लहान असतात. अशी घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या प्रत्येकामागे वनस्पती तूपच होते असे आम्ही म्हणणार नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, बैठे काम अशी कारणे पुष्कळ आहेत. पण हे एक कारण असे आहे की ज्याची शरीराला काडीचीही गरज नाही. मीठ थोडे लागते, साखर थोडी चालते, तेल तर हवेच. कारखान्यातील ट्रान्स फॅटवाचून मात्र कोणाचे काहीही अडत नाही.

४. कळायला इतकी वर्षे का लागली?

फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञांची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १९१४ साली बर्लिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ लहानपणी अमेरिकेत आले व पुढे इलिनॉय विद्यापीठात संशोधन करू लागले. मृत माणसांच्या शरीरातील ऊतींत ट्रान्स मेदाम्ले साठलेली आढळतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे पुष्कळ वर्षे कोणी मनावर घेतले नाही. त्या काळी सर्वांचे लक्ष लोणी, तूप व जनावरांच्या चरबीकडे होते. उलट तूप-लोणी सोडा व त्याऐवजी वनस्पतीपासून केलेले घट्ट तेल घ्या, असाच सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जात होता. अमेरिकेत १९८० च्या दशकात चरबीविरुद्ध मोहीम झाली तेव्हा कित्येक उपाहारगृहांनी चरबी टाकून हेच तेल घेतले. हेतू चांगला होता. औषध मात्र रोगापेक्षा वाईट निघाले.

कुमेरो यांनी पाठपुरावा सोडला नाही. २००९ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्याकडे अर्ज केला. उत्तर येईना तेव्हा २०१३ साली त्यांनी त्या खात्यावर दावा लावला. २०१५ च्या जूनमध्ये त्या खात्याने जाहीर केले की अर्धवट हायड्रोजन दिलेली तेले यापुढे अन्नात सुरक्षित मानली जाणार नाहीत. २०१७ साली कुमेरो १०२ वर्षांचे होऊन वारले. पहिल्या लेखापासून त्या निर्णयापर्यंत ५८ वर्षे गेली होती.

कोणी विचारील, मग आमच्या आयांनी आम्हांला चुकीचे खाऊ घातले काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांना जे ठाऊक होते आणि जे परवडत होते त्यातून त्यांनी मायेने केले. डॉक्टरांनाही जे माहीत नव्हते त्याचा दोष स्वयंपाकघरावर ठेवणे न्याय्य नाही. पण आता आपल्याला माहीत झाले आहे. त्यांची अडचण आपल्याला सबब म्हणून वापरता येणार नाही.

५. कायदा काय सांगतो?

डेन्मार्कने २००३ साली पहिल्याने कायदा केला की कारखान्यातील ट्रान्स फॅट एकूण मेदाच्या २ टक्क्यांहून अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सर्व देशांना ते अन्नातून काढून टाकण्याचे आवाहन केले.

आपल्या देशात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हे काम पायरीपायरीने केले. २०११ साली वनस्पती तुपातील मर्यादा १० टक्के ठरली. २०१६ साली ती ५ टक्के झाली. २०२१ साली ३ टक्के, आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. ही मर्यादा तेलातुपालाच नव्हे, तर ज्या पदार्थांत ती वापरली जातात त्यांतील मेदालाही लागू आहे. मघाच्या हिशेबातील चार चमचे वनस्पती तूप आज नियमाप्रमाणे असेल, तर त्यातून चार ग्रॅम नव्हे, ०.४ ग्रॅम ट्रान्स फॅट जाईल. ही मोठी सुधारणा आहे व तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

६. मग आता काळजी का करावी?

तीन कारणांनी.

पहिले, सुटा माल. पाकिटावर छापलेले वाचता येते. पण गल्लीतील बेकरीतून कागदात बांधून येणारी खारी, क्रीमरोल, पॅटिस, गाड्यावरची तळणी यांच्यावर काहीही छापलेले नसते. त्यात कोणते तूप गेले हे फक्त करणाऱ्याला ठाऊक. आणि स्वस्तातला सुटा माल अधिक करून गरीब घरांत जातो.

दुसरे, पुन्हा पुन्हा तापविलेले तेल. घरात एकदा तळल्याने ट्रान्स फॅट फारसे तयार होत नाही. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण याविषयी भलताच समज पसरला आहे. परंतु तेच तेल दिवसेंदिवस उकळत ठेवले तर ते बिघडते व त्यात दुसरी अपायकारक द्रव्ये वाढतात. अशा द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. कढईतील तेल काळसर, चिकट झाले, फेसाळू लागले, लवकर धुरावू लागले की ते टाकण्याच्या लायकीचे झाले असे समजावे.

तिसरे, 'ट्रान्स फॅट नाही' या शब्दांची भूल. आज कारखानदार ट्रान्स फॅट टाळण्यासाठी पुष्कळदा पामतेलाचा घट्ट भाग वापरतात. पामतेलात सुमारे निम्मा मेद सरळ साखळ्यांचा असतो. तो ट्रान्स फॅटइतका वाईट नाही, पण त्यानेही एलडीएल वाढते. पाकिटावर शून्य लिहिले म्हणून पाकीटच्या पाकीट संपविणे हे शहाणपणाचे नव्हे. साजूक तुपालाही हाच न्याय लागू आहे. ते जपून, चमच्याने मोजून खाण्याची वस्तू आहे.

७. घरी व मंडळीत काय करावे?

पाकीट घेताना मागची बाजू वाचावी. घटकांच्या यादीत 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल', 'वनस्पती' किंवा 'बेकरी शॉर्टनिंग' असे शब्द आहेत काय ते पाहावे. पौष्टिक घटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅममागचा आकडा पाहावा. एका बिस्किटामागचा आकडा नेहमीच लहान दिसतो.

रोजच्या स्वयंपाकाला आपापल्या भागातील पातळ तेल बरे. बेळगावकडे शेंगदाणा व करडई, ग्वाल्हेरकडे मोहरी आहेच. ते मापूनच वापरावे. महिन्याला किती तेल आणले याला घरातील माणसांनी भागून पाहावे. पहिल्या महिन्यात आकडा पाहून पुष्कळजण चकित होतील.

तळून उरलेले तेल गाळून, दुसऱ्या दिवसापर्यंत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावे. त्यात पुन्हा तळू नये.

सणाचा फराळ बंद करा असे आम्ही म्हणत नाही. शंकरपाळीला व करंजीच्या पारीला कडकडीत तेलाचे मोहन चालते. नानकटाईला घट्ट तूप लागतेच. तर ती साजूक तुपात, थोडी आणि सणापुरती करावी. गोव्याकडे नेवऱ्या, हैदराबादेकडे बिर्याणी, इंदूरकडे शेव-कचोरी; प्रत्येक ठिकाणची आवड निराळी. पण कोणत्या तेलातुपात केले, हे विचारण्याची सवय सगळीकडे लावता येईल.

आणि मंडळीच्या जेवणाचे काय? वर्षातून कितीतरी वेळा आपण एकत्र जेवतो. आचाऱ्याला आपण माणसांचा आकडा सांगतो, भाव ठरवितो. तेलातुपाविषयी मात्र एक शब्दही बोलत नाही. यापुढे तो बोलावा. दोनचारशे माणसांच्या जेवणाला चांगले तेल घेतल्याने माणशी जो खर्च वाढेल तो अगदी थोडा आहे. तसेच शब्बाथशाळेत मुलांना खाऊ म्हणून क्रीमची बिस्किटे वाटण्यापेक्षा शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे-फुटाणे किंवा एकेक केळे द्यावे. मुलांची जीभ याच वयात वळण घेते. मोठेपणी डॉक्टरांनी सांगून जे सुटत नाही, ते लहानपणी लागलेच नाही तर सोडावे लागत नाही.

शेजारच्या बेकरीवाल्याशी भांडू नये. त्याला नेमाने येणाऱ्या चार गिऱ्हाइकांनी शांतपणे विचारावे, "भाऊ, खारीला कोणते तूप वापरता? डबा दाखवाल का?" हा प्रश्न दर आठवड्याला कानांवर पडला तर तो डबा बदलण्याचा विचार करील.

चर्चेसाठी प्रश्न

१. तेल घट्ट करण्याची क्रिया अर्धवट थांबविल्यामुळे कोणता दोष निर्माण होतो? तारेच्या तुकड्यांनी दाखवा.

२. ट्रान्स फॅट हे तुपातील मेदापेक्षाही अधिक अपायकारक का मानतात?

३. एका पदार्थात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम मेद आहे. आजच्या नियमाप्रमाणे त्यात कारखान्यातील ट्रान्स फॅट जास्तीत जास्त किती असू शकेल? (उत्तर : ०.४ ग्रॅम)

४. कुमेरो यांचे म्हणणे मान्य व्हायला ५८ वर्षे का लागली असतील? चांगल्या हेतूने दिलेला सल्लाही चुकू शकतो, याचे दुसरे उदाहरण तुम्हांला आठवते काय?

५. आपल्या मंडळीच्या पुढच्या जेवणाची व्यवस्था कोणाकडे आहे? त्यांना तेलाविषयी कोण व केव्हा विचारील?

पुढील रविवारसाठी काम : प्रत्येक मुलाने घरातील तीन रिकामी पाकिटे आणावीत. वर्गात घटकांची यादी मोठ्याने वाचावी आणि ज्यांत वरील शब्द सापडतील ती वेगळी काढावीत. मग मुलांनीच ठरवावे की पुढच्या महिन्यात त्यांतले कोणते एक पाकीट घरात आणायचे नाही. एकच ठरवावे, पण ते पाळावे.